मोटार का जळते? यंत्रदुरुस्तीच्या वर्गातले काही धडे



मागे एका रविवारी उपासनेनंतर चहा घेताना आपल्यातल्याच एका ज्येष्ठ हितचिंतकांनी मला विचारले, "त्या मुलांना पाना-पक्कड धरायला शिकवा, मोटार खोला-जोडायला शिकवा, एवढे पुरे नाही का? ते ओहम आणि व्होल्टेजचे गणित कशाला? आठवी-दहावीपर्यंत शिकलेली पोरे, त्यांना ते झेपणार आहे का?" प्रश्न प्रेमाने विचारलेला होता आणि रास्तही होता. तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. नंतर वाटले की याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण वर्गातली हत्यारे आणि मीटर आपल्याच देणग्यांतून आलेली आहेत. म्हणून या अंकात नेहमीच्या अहवालाऐवजी आमच्या वर्गात काय शिकवले जाते तेच लिहितो. वाचताना वहीपेन्सिल जवळ ठेवलीत तर उत्तम, गणित पाचवीच्या पुढचे नाही.

मी स्वतः शिक्षक नव्हे. अंबरनाथच्या एका कारखान्यात २९ वर्षे मेंटेनन्स खात्यात होतो. निवृत्तीनंतर शनिवार-रविवारी हा वर्ग घेतो. सध्या १४ विद्यार्थी आहेत, ११ मुलगे आणि ३ मुली. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा घरांतली ही मुले शहापूर तालुक्यातल्या डोळखांब-किन्हवलीच्या बाजूने आणि मुरबाड तालुक्यातल्या टोकावडे-धसईच्या बाजूने येतात. पावसाळ्यात या भागात इतका पाऊस कोसळतो की शेताच्या बांधावर उभे राहवत नाही, आणि होळी झाली की बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पुढे मोडकसागर झाला, भातसा झाले. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

भात कापून झाल्यावर ज्याच्या शेताजवळ ओहोळ आहे तो सिमेंटच्या गोणींत माती भरून वनराई बंधारा घालतो, थोडे पाणी अडवतो आणि भेंडी, काकडी, मिरची लावतो. त्या भाजीला पाणी पोचवणारी मोटार किंवा इंजिन चालले तर घर गावात राहते. नाही चालले तर घर वीटभट्टीवर जाते. आमच्या वर्गाचा विषय हा असा आहे.

पहिल्या दिवशी मी विचारतो, पंप पाणी वर कसे आणतो? सगळे एका सुरात म्हणतात, "ओढतो." मग मी पाण्याने भरलेली काचेची बाटली आणि शीतपेयाची नळी काढतो. नळी आत सोडून बाटलीचे तोंड मेणाने पक्के बंद करतो आणि वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या मुलाला म्हणतो, पी बघू. तो गाल आत जाईपर्यंत ओढतो, लाल होतो, बाकीचे हसतात, पण एक-दोन घोटांपुढे पाणी येत नाही. मग मेणाला सुईने भोक पाडतो आणि पाणी सुरळीत येऊ लागते. नळी तीच, तोंड तेच. फरक इतकाच की आता बाहेरची हवा आत शिरून पाण्यावर दाब देऊ शकते. तोंडाने आपण फक्त नळीतली हवा कमी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. पंपही तेवढेच करतो.

आता हवेच्या या ढकलण्याला मर्यादा आहे. गॅलिलिओच्या १६३८ साली छापलेल्या ग्रंथात एक छान प्रसंग आहे. एका हौदावरचा पंप पाणी देईना, म्हणून मालकाने दुरुस्तीला कारागीर बोलावला. कारागीर म्हणाला की पंप ठीक आहे, पाणी फार खाली गेले आहे, अठरा हातांच्या वर ते असे चढत नाही. (तिथला हात आपल्या हातापेक्षा मोठा. हे अंतर सुमारे १० मीटर होते.) त्या काळच्या विद्वानांना जे ठाऊक नव्हते ते पंप दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक होते! हे ऐकले की माझी मुले जरा ताठ बसतात. कारण मात्र गॅलिलिओलाही नीट सापडले नाही. ते त्याचा शिष्य टॉरिचेली याने दाखवले. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, आणि हवेच्या दाबाने नळीत तो ७६ सेंटिमीटर उभा राहतो. ७६ ला १३.६ ने गुणा, १०३३ सेंटिमीटर येतात. म्हणजे पंप कितीही महाग असो, त्याच्या खालचे पाणी १०.३ मीटरपेक्षा जास्त चढणार नाही. पाइपातले घर्षण आणि बारीकसारीक गळती धरता प्रत्यक्षात ६ ते ७ मीटर मिळाले तरी खूप.

याचा शेतात उपयोग काय? डिसेंबरात ओहोळ भरलेला असताना लोक पंप काठावर, आंब्याच्या मुळीशी बसवतात. पाणी तेव्हा तीन मीटर खाली असते. मार्चमध्ये ते सहा मीटर खाली जाते, पंप पाणी सोडतो, आणि मालक म्हणतो, "पंप कमजोर झाला." बाजारात नेला की पंखा बदला, ग्लँडची दोरी बदला, बेअरिंग बदला असे सांगतात. खर्च होतो आणि पंप पुन्हा त्याच मुळीशी बसतो. आमची मुले आधी दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंतची उभी खोली मोजतात. सहा मीटरच्या पुढे गेली तर पंप उचलून खाली पाण्याजवळ नेतात आणि वरच्या बाजूचा पाइप वाढवतात. वर ढकलायचे काम पंप स्वतःच्या ताकदीने करतो, तिथे हवेची मर्यादा लागत नाही. खोली ठीक असेल तर फूटव्हॉल्व्ह बघायचा. त्यात आंब्याचे एक पान अडकले तरी पाणी रात्रीत उतरते. तोही ठीक असेल तर सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. ज्या सांध्यात फेस आत ओढला जाईल तिथून पंप हवा घेतो आहे. सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली की बहुतेक वेळा काम होते. हा सगळा तपास पाना न उचलता होतो, आणि मला तोच आवडतो.

आता विजेकडे येतो. इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी.

डोळखांब बाजूच्या एका पाड्यावरचा कातकरी मुलगा वर्गात आहे. त्याच्या घरी अर्धा एकर भेंडी होती. दरवर्षी दिवाळीनंतर भट्टीवर जाणारे ते कुटुंब त्या वर्षी पहिल्यांदाच गेले नव्हते, भेंडीच्या भरवशावर. दोन एचपीची सिंगल फेज मोटार उसने पैसे घेऊन आणली होती. ती जानेवारीत जळली. भरून आणली, म्हणजे आतले तांब्याचे वाइंडिंग नव्याने घालून आणले. महिन्याभरात पुन्हा जळली. पुन्हा भरली. फेब्रुवारी संपता संपता तिसऱ्यांदा जळली. दर वेळी अडीच-तीन हजारांचा फटका, आणि मोटार बंद असलेल्या दिवसांत वाळलेली भेंडी वेगळी. तिसऱ्या खेपेला शेळ्या विकल्या.

मी चार विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो. मोटार तिसऱ्यांदा भरून आलेली होती, पण चालू करायची कुणाची छाती होत नव्हती. मी मीटर लावून मोटारीच्या टोकाला व्होल्टेज मोजले. २२० भरले. अगदी ठीक. पंप हाताने फिरवून पाहिला, मोकळा फिरत होता. फूटव्हॉल्व्ह चांगला. मग मी २९ वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर निकाल दिला की मोटार भरणारा हलकी तार घालतो आहे, दुकान बदला. मुलाचे वडील म्हणाले, "मास्तर, आता नाय परवडत. शेटकडून उचल घेतली मी." उचल म्हणजे भट्टीवाल्याकडून आगाऊ घेतलेले पैसे. एकदा घेतली की हंगाम संपेपर्यंत भट्टीवर जावेच लागते.

आम्ही सामान आवरत होतो. टोकावड्याच्या बाजूची एक विद्यार्थिनी मात्र अजून वायरकडे बघत उभी होती. ती म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, नळ बंद असला की पाइपात दाब पूर्ण दिसतो?"

मी चपापलो. ते उदाहरण माझेच होते. लांबलचक, बारीक पाइप घ्या. टोकाची तोटी बंद असली तर पाणी हलत नाही, घर्षण नाही, म्हणून टोकालाही टाकीचा पूर्ण दाब मिळतो. तोटी उघडली की पाणी वाहू लागते, वाटेत दाब खर्ची पडतो आणि टोकाला बारीक धार येते. वायरीचेही तसेच. मोटार बंद असताना वायरीतून प्रवाह नसतो, म्हणून टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसते. मी बंद मोटारीवर मोजले होते! कारखान्यात वायरी जाड आणि अंतरे कमी, त्यामुळे ही चूक मला कधी महाग पडली नव्हती.

मोटार चालू केली आणि पुन्हा मोजले. खांबावरच्या मीटरपाशी २१२ व्होल्ट. अडीचशे मीटर खाली ओहोळाशी, मोटारीच्या टोकाला, १५६ व्होल्ट. प्रवाह मोजणारा चिमट्याचा मीटर (तोच, जो आपल्यापैकी एका कुटुंबाने पाठवला होता) १४ अँपिअर दाखवत होता. मोटारीच्या पाटीवर ११ लिहिले होते. दोन मिनिटांत बंद केली.

आता वहीत गणित मांडा. वायर होती ॲल्युमिनियमची, ४ चौरस मिलिमीटर. अशा वायरीचा विरोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. अंतर २५० मीटर, पण वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसरीने, म्हणून ५०० मीटर धरायचे. विरोध झाला ३.७ ओहम. ओहमचा नियम सांगतो की प्रवाहाला विरोधाने गुणले की वाटेत खर्ची पडलेले व्होल्टेज मिळते. १४ गुणिले ३.७ म्हणजे जवळपास ५२. प्रत्यक्षात घट होती २१२ वजा १५६, म्हणजे ५६. वरचे चार व्होल्ट कुठे गेले? वायरीत तीन ठिकाणी नुसते पीळ देऊन प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधलेले सांधे होते, तिथे. हात जवळ नेला तरी ते गरम लागत होते.

आणखी एक पाऊल पुढे. वाटेत गेलेले ५६ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर म्हणजे ७८४ वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे एका मोटारीएवढी ताकद अडीचशे मीटरच्या वायरीत नुसती उष्णता होऊन जात होती, आणि तिचे बिल घरात येत होते. हे आकडे मी ओहोळाच्या काठी, सिगारेटच्या पाकिटाच्या मागे मांडून दाखवले. (पाकीट रस्त्यात सापडलेले, माझे नव्हे. संपादकांनी ही ओळ ठेवावी.) मुलाचे वडील शाळेत गेलेले नाहीत, पण "एक मोटार वायरच खाते" हे त्यांना माझ्याआधी कळले.

मग मोटार का जळायची? व्होल्टेज कमी झाले की मोटारीचा जोर नुसता कमी होत नाही, तो वर्गाच्या प्रमाणात घटतो. २२० च्या जागी १५६, म्हणजे सुमारे ७१ टक्के, आणि ७१ टक्क्यांचा वर्ग ५० टक्के. मोटार अर्ध्या जोराने पूर्ण ओझे ओढत होती. ते ओढण्यासाठी ती जास्त प्रवाह घेते. उष्णता पुन्हा प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ११ च्या जागी १४, म्हणजे उष्णता १.६ पट. वाइंडिंगवरच्या वार्निशाला एवढे तापमान सोसत नाही. कारखान्यातला जुना ठोकताळा असा की मर्यादेच्या वर दर १० अंशांना वार्निशाचे आयुष्य निम्मे होते. ज्या दुकानदाराला मी नावे ठेवली त्याची तार चांगलीच होती. पुढच्या आठवड्यात मी जाऊन त्याला तसे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "माझ्याकडे येणाऱ्या मोटारी बहुतेक अशाच जळलेल्या असतात, पण जागेवर बघायला कोण जातो?"

उपाय सोपा नव्हता. १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम वायर टाकली असती तर विरोध दीड ओहमवर आला असता, पण पाचशे मीटर वायरीचे पैसे कुठून आणायचे? तेव्हा आम्ही प्रश्न उलटा केला. या शेताला दोन एचपी लागते का?

पाणी उचलायला लागणारी ताकद काढणे अगदी सरळ आहे. दर सेकंदाला ७५ लिटर पाणी एक मीटर उचलणे म्हणजे जवळजवळ एक एचपी. ओहोळापासून शेताच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मुलांनी पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्याने मोजली, १५ मीटर आली. पाइपातले घर्षण तीन मीटर धरले, एकूण १८. सेकंदाला २ लिटर पाणी हवे असेल तर २ गुणिले १८ भागिले ७५, म्हणजे अर्ध्या एचपीपेक्षाही कमी. लहान पंप निम्मी ताकद वाया घालवतो असे धरले तरी एक एचपी पुरते. आणि २ लिटर पुरे का? अर्धा एकर म्हणजे सुमारे २००० चौरस मीटर. उन्हाळ्यात भेंडीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले तर १०,००० लिटर. सेकंदाला २ लिटरने ते दीड तासाच्या आत होते. उलट दोन एचपीचा पंप बंधाऱ्यामागचे डबके तासाभरात उपसून हवा ओढू लागायचा, हे त्या मुलाच्या आजीनेच सांगितले. तिने ते रोज पाहिले होते, तिला कुणी विचारले नव्हते.

मोठी मोटार म्हणजे जास्त पाणी, ही समजूत इकडे घट्ट बसली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून तो कुणी घेईना. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. तेव्हा लोक यंत्राला भीत होते, आता यंत्रावर जरा जास्तच भरवसा टाकतात. विकणाराही "घ्या मोठीच" म्हणतो.

दोन एचपीची मोटार, नुकतीच भरलेली असल्यामुळे, बऱ्या किमतीला गेली. त्यात थोडी भर घालून एक एचपीची घेतली. मुलांनी वायरीचे तिन्ही सांधे कापून साफ केले, दाबून बसवायच्या नळ्या घालून पक्के केले. आता प्रवाह ७ अँपिअर, वाटेतली घट २६ व्होल्ट, मोटारीपाशी १९२. पुस्तकाच्या हिशेबाने हेही कमीच आहे, पण तासभर चालल्यावर मोटारीवर हात ठेवता येतो.

हात ठेवता येतो असे मी लिहिले खरे, पण वर्गात आम्ही हात ठेवायच्या आधी अर्थिंग तपासतो. हा धडा मी हसतखेळत शिकवत नाही. ओल्या पायांनी, चिखलात उभे राहून चालू मोटारीला हात लावणे हे या भागातल्या शेतकऱ्याचे रोजचे काम आहे. मोटारीच्या आत एखादी तार उघडी पडून लोखंडी अंगाला टेकली की अंगावर २३० व्होल्ट उभे राहतात. ओल्या माणसाचा विरोध १००० ओहम धरला तर २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर त्याच्यातून जाईल. छोटा बल्बसुद्धा याहून जास्त घेतो असे वाटेल, पण माणसाचे हृदय थांबायला ०.०३ अँपिअरच्या पुढे धोका सुरू होतो.

"फ्यूज आहे ना?" असे मुले विचारतात. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, माणसाला नाही. समजा अर्थिंग आहे, पण खड्ड्याचा विरोध २० ओहम आहे. आपल्याकडच्या कातळावरच्या कोरड्या मुरमात उन्हाळ्यात एवढा विरोध सहज असतो. तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज उडणारच नाही आणि मोटारीचे अंग जिवंत राहील. किटकॅटमध्ये लोक सायकलच्या ब्रेकची तार घालतात, मग तर बोलायलाच नको. म्हणून दोन गोष्टी लागतात. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून, ओल राहील अशा जागी, आणि उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी. शिवाय गळतीचा प्रवाह ओळखून तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहाची तुलना करतो. जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही, म्हणजे ती कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जाते आहे, आणि तो क्षणार्धात पुरवठा तोडतो.

गावातले वायरमन फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून दाखवतात, बल्ब पेटला की अर्थिंग उत्तम. आम्ही यावर एक पूर्ण तास घालवतो. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. तेवढा प्रवाह वाईट खड्डाही वाहून नेतो. बल्ब पेटला नाही तर अर्थिंग नाही एवढे नक्की. पेटला तर ते चांगले आहे असे सिद्ध होत नाही. शिवाय अर्थिंग तुटलेले असेल तर त्या चाचणीतच मोटारीचे अंग जिवंत होते, म्हणून चाचणी चालू असताना कुणी मोटारीला शिवायचे नाही. आणि न्यूट्रल तुटला म्हणून अर्थिंगचाच न्यूट्रल करून मोटार चालवायची, हा जो प्रकार चालतो तो दिसला की माझी मुले तिथले काम हाती घेत नाहीत. मालक रागावतो. रागावू दे.

इंजिनाविषयी थोडेच लिहितो, कारण जागा संपत आली. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती स्वतःच ५०० अंशांपुढे तापते आणि त्यात डिझेलचा फवारा गेला की पेट घेतो. म्हणून इंजिन सुरू होत नसेल तर दोनच प्रश्न : हवा नीट दाबली जाते का, आणि डिझेल नीट येते का? टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा धरते. हवा दबते, डिझेल दबत नाही, त्यामुळे पंप नुसता हवाच दाबत बसतो. नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली की इंजिन लागते. दहा मिनिटांचे हे काम न कळल्यामुळे एक घर इंजिन बैलगाडीतून मुरबाडला नेत होते.

पुलीचा किस्सा मात्र सांगतोच. भात झोडायच्या यंत्रावर एकाने काम लवकर उरकावे म्हणून ८ इंचाच्या पुलीच्या जागी ६ इंचाची बसवली. इंजिन १५०० फेरे, त्याची पुली ४ इंच, म्हणजे ढोल ७५० फेऱ्यांवरून १००० वर गेला. तांदूळ फुटला, पट्टे तुटले. पंपाच्या बाबतीत तर हे आणखी वाईट, कारण तिथे ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे २० टक्के वाढवले की ओझे १.७३ पट. मुले हे १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ करून स्वतः पडताळून पाहतात आणि नंतर घरी जाऊन काकांशी वाद घालतात, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे.

त्या भेंडीचे काय झाले, हे आपण विचारालच. निम्मे पीक गेले होते, निम्मे वाचले. मार्चपासून आठवड्यातून तीनदा भेंडी डोळखांबच्या गाडीने जाऊ लागली. उचल मात्र घेतलेली होती. आईवडील धाकट्या दोघांना घेऊन होळीनंतर भट्टीवर गेले आणि पावसाच्या तोंडावर परतले. मुलगा आणि आजी पाड्यावर राहिले. तो पहाटे मोटार चालवायचा, तोडणी आजी करायची. शनिवारचा वर्ग त्याने एकदाही चुकवला नाही. हिशेब केला तेव्हा भेंडीच्या पैशांतून शेळ्या परत येण्याइतके उरले नव्हते, पण पुढच्या हंगामाचे बियाणे आणि आरसीसीबीचे पैसे निघाले. दिवाळीनंतर पुन्हा भेंडी लावायची आणि उचल घ्यायची नाही, असे वडिलांनी ठरवले आहे. बंधारा या वेळी दोन गोणी उंच घालणार आहेत.

ज्या मुलीने मला नळाची आठवण करून दिली ती आता तिच्या गावच्या बाजूच्या पाच-सहा मोटारी बघते. मोटार चालू असताना व्होल्टेज मोजायचे, हे ती प्रत्येक ठिकाणी आधी करते. चिमट्याचा मीटर आमच्याकडे एकच आहे, तो तिच्याकडे गेला की वर्ग अडतो आणि वर्गात राहिला की तिचे काम अडते. सध्या तो शनिवार-रविवार माझ्याकडे आणि बाकीचे पाच दिवस तिच्या पिशवीत असतो.